वेगळी ताटली, एकच उंबरा

घरातल्या आजाऱ्याला तुम्ही वेगळी ताटली देता, तेव्हा ती कुणासाठी असते? त्याच्यासाठी, की तुमच्या मनातल्या किळसेसाठी?

आमच्या घरात हा प्रश्न एका मांजराच्या पिल्लामुळे उभा राहिला. बहात्तरचा दुष्काळ पडला होता. आम्ही श्रीरामपुरात राहायचो आणि घराच्या पुढच्या खोलीत वडिलांचा छापखाना होता. लग्नपत्रिकांवर पोट भरायचं आणि उरलेल्या कागदावर पत्रकं छापायची, अशी त्यांची रीत. पाणवठा, मजुरी, हुंडा, एकही विषय त्यांनी सोडला नाही. मी वाचायला शिकले ती त्या पत्रकांवरच. ‘कमळ’ वाचायच्या आधी मी ‘धिक्कार’ वाचायला लागले, असं आई सांगते.

छापखान्याला मांजर लागतंच. पुस्तकं चिकटवायची खळ कणकेची असते, आणि त्या साली शेतात उंदरांनाही काही उरलं नव्हतं. खळीच्या वासावर ते कागदाचे गठ्ठे कुरतडत. म्हणून आमच्या करड्या मांजरीला घरात मान होता. तिला चार पिल्लं झाली. मांजर पिल्लांना सात घरं दाखवते म्हणतात. आमची एकेक पिल्लू तोंडात धरून शेजारी निघाली की वडील मागं जाऊन ते परत आणत. “दुष्काळात सातवं घर कुठलं गं?” असं तिला म्हणत आणि पिल्लू पुन्हा मशीनखालच्या खोक्यात ठेवत. तिथेच त्यांची दुधाची ताटली आणि शेजारी घाण करायला राखेचा डबा.

ताटली एकच, कारण घरात नियमच तो होता. वडिलांना लहानपणी गावच्या हॉटेलात आत जाता येत नसे. त्यांची कपबशी बाहेर खुंटीवर टांगलेली असे. चहा प्यायचा, ती स्वतः विसळायची आणि पुन्हा टांगायची. तेव्हापासून वेगळं भांडं म्हटलं की त्यांचा आवाज बदले. पाहुणा असो, हमाल असो की मांजर, आमच्याकडे सगळ्यांना एकच भांडं.

पावसाची वाट बघत असतानाच पिल्लांना जुलाब सुरू झाले. तिघं त्यातून उठली आणि खिळ्यांच्या, म्हणजे छपाईच्या शिशाच्या अक्षरांच्या, खोक्यांवर उड्या मारायला लागली. चौथा, पांढरा, एक कान तपकिरी असलेला, उठेना. अंगात ताप, बरगड्या मोजता येतील अशा, आणि पोट मात्र फुगत चाललेलं.

वडिलांची थोरली बहीण, माझी आत्या, गावाकडची विहीर आटल्यामुळे आमच्याकडे राहायला आली होती. तिनं ते पोट बघितलं आणि थेट गोणपाटाचं पोतं घेऊन आली.

“समदी भरा यात, आन् कालव्याच्या पल्याड सोडून या. हे लक्षन चांगलं न्हाई.”

“सगळी कशाला, आत्या? आजारी एकच आहे.”

“आज एक हाय. उद्या तिघांची पोटं फुगतील, मग?”

“आजाऱ्याला घराबाहेर टाकणं हा अन्याय आहे,” मी म्हणाले.

“व्हय? मग छाप की पत्रक. आन् चिकटव त्याच्या पोटावर.”

तेवढ्यात गुरांचे डॉक्टर आले. जनावरांना फऱ्या आणि घटसर्पाची लस टोचून घ्या, अशी पत्रकं दुष्काळातल्या गुरांच्या छावण्यांमध्ये वाटायला त्यांना हवी होती. मी पिल्लू त्यांच्या पुढ्यात ठेवलं. मांजर तपासायची त्यांना सवय नव्हती, तसं ते म्हणालेही. पण पोट बोटानं ठोकून बघितलं, बारीक सुईनं थोडं पाणी काढलं. पिवळं, चिकट, दोन बोटांत ताणलं तर तार धरणारं.

“याला माझ्याकडे औषध नाही,” ते म्हणाले. “मुंबईला माझा एक वर्गमित्र शिकवतो. तो सांगतो, परदेशात असल्या मांजरांमध्ये एक विषाणू सापडलाय. कडेनं मुकुटासारखी झालर असलेला. हा तोच का, ते मी सांगू शकत नाही.”

“मुकुट घालून आला होय,” वडील म्हणाले. “राजेलोकांशी आमचं जमत नाहीच.”

“मग बाकीची तिघं कशी वाचली?” मी विचारलं.

डॉक्टरांनी ओल्या शाईचं एक पत्रक उचललं. “लस काय करते? शरीराला शत्रूची ओळख करून देते. त्या तिघांनी ती ओळख जुलाब सोसून करून घेतली असावी. त्यांची फौज लढली आणि शत्रूला तिनं आवरलं. याचीही फौज लढतेय. पण मला वाटतं, हिनं शत्रूबरोबर आपलंच रान पेटवलंय. हे पाणी त्या आगीचं.”

“म्हणजे हा दुबळा म्हणून आजारी पडला असं नाही?”

“लढाई तर चालूच आहे त्याची. तरी आता याला वेगळं ठेवा. ताटली वेगळी, राखेचा डबा वेगळा आणि ताटलीपासून लांब. विष्ठेतून हे पसरत असणार. जिंकलेल्यांना पुन्हा पुन्हा त्याच लढाईला कशाला पाठवता?”

वडिलांनी हातातले खिळे खाली ठेवले. “डॉक्टरसाहेब, या घरात वेगळी ताटली नाही.”

मी लगेच त्यांच्या बाजूला जाऊन उभी राहिले. आई आतून हात पुसत आली.

“अहो, तुमची कपबशी खुंटीवर टांगली होती, ती तुम्ही आजारी होता म्हणून? तुम्ही बरे झाल्यावर ती आत घेणार होते का?”

वडिलांनी खाली ठेवलेले खिळे पुन्हा उचलले.

“याची ताटली मी आत ठेवते, माझ्या चुलीजवळ. ताटली वेगळी, उंबरा एकच. आणि वन्सं, ते पोतं राहू द्या. दुसरं एखादं पोट फुगलं तर तुमचं ऐकू.”

“शब्द दे.”

“दिला.”

एवढ्या शब्दावर तिघांचं घर टिकून होतं. मी रोज सकाळी त्यांची पोटं चाचपायचे. राखेचा डबा अंगणात गेला आणि रोज रिकामा व्हायला लागला. करडी मांजर त्या तिघांना शेजारी न्यायची, तेव्हा आजाऱ्यापासून लांब बरी म्हणून वडील आता तिला अडवत नसत. पांढऱ्याची ताटली मात्र ते स्वतः घासायचे, राखेनं, बराच वेळ. आणि कापसाची वात दुधात बुडवून त्याच्या तोंडात पिळायची, ती आत्या. “तोंड उघड रं, सरदारा,” असं म्हणायची. मी बघतेय असं दिसलं की, “काय बघतीस? जा, खिळे जुळव.”

पांढरा गेला तो चुलीच्या उबेला, आत्याच्या पदरावर. तिनंच त्याला अंगणातल्या लिंबाखाली पुरलं.

आम्ही वाट बघितली. एकाचंही पोट फुगलं नाही. तिघं वाढली, उंदीर धरायला लागली. त्यातली एक पुढं स्वतः आई झाली, आणि तिची पिल्लं मशीनखाली ज्यावर झोपत ते आत्याचंच पोतं होतं. आत्यानं ते स्वतः घडी घालून अंथरलं. “ऱ्हाऊ द्या हितंच त्यास्नी,” एवढंच म्हणाली.

तुम्ही हे वाचताय तेव्हा तुमच्या गल्लीत एखादं फुगल्या पोटाचं पिल्लू असेल, आणि कुणीतरी पोतं शोधत असेल. त्या पिल्लाला गुरांच्या दवाखान्यात दाखवा, त्याची ताटली आणि राख वेगळी करा. आणि ती ताटली उंबऱ्याच्या आत ठेवा.