चॉकलेटी रंगाचा कठडा

शालूताईला कुणी ‘रंगवाली’ म्हटलं की तिचं डोकं फिरतं. ती रंग देत नाही, काढते. मूर्तिजापूरच्या सुताराची ही मुलगी लग्न होऊन अमरावतीला आली. नवरा लवकर गेला, तेव्हा वडिलांकडून शिकलेलं लाखेच्या चपड्याचं पॉलिशच कामी आलं. गेली बावीस वर्षं ती जुन्या घरांतलं लाकूडकाम पुन्हा मूळ रूपात आणते आहे. दोन महायुद्धांच्या मधल्या काळात इथल्या कापूस व्यापाऱ्यांनी बांधलेले बंगले तिच्या खास आवडीचे. गोलाई दिलेले कोपरे, दारांवर सरळ ठसठशीत रेघा, जिन्याच्या कठड्यावर उगवता सूर्य.

असाच एक १९३६ सालचा बंगला भातकुलीच्या गजेंद्रनं विकत घेतला. घर होतं तसं करायचं, ही त्याच्या बायकोची, आचलची हौस. गजेंद्रला त्यातलं काही कळत नव्हतं, पण रोज एक नवं मत तयार असायचं.

“ताई, हे सूर्य-बिर्य काढून टाकू. स्टीलचं रेलिंग मस्त दिसन.”

“मंग मले काहून बोलावलं? वेल्डरले बोलवा ना.”

कठड्यावर ऑइलपेंटचे सात थर होते. शालूताईनं तीन आठवडे ते पटाशीनं खरवडले. किरणांच्या खाचांत अडकलेला रंग तर दाभणानं उकरून काढला. मान धरली, बोटं सोलली, पण सागवान दिसायला लागलं. मग भाचीच्या लग्नासाठी ती तीन दिवस मूर्तिजापूरला गेली.

परत आली तर सबंध कठडा चकचकीत चॉकलेटी! शेजारी गजेंद्र कौतुकाच्या अपेक्षेनं उभा.

“शनवारी पूजा होती ना. माय म्हणे, लाकूड उघडंबोडकं दिसते. पेंटर लावला, एका दिवसात काम फत्ते!”

शालूताई पायरीवर बसली.

“भाऊ, सोललेल्या संत्र्यावर परत साल चढवता का तुमी?”

“चिडता काहून? आतमंदी सागवानच हाय ना. कुठी गेलं ते?”

तिनं हत्यारं पिशवीत भरली आणि निघून गेली.

तीन दिवसांनी आचल स्कूटरवरून तिच्या दारात आली. नवऱ्याशी बोलणं बंद होतं, स्वयंपाकही स्वतःपुरताच. “ताई, चला ना.”

“येईन. पण पहिले तो रंग तुमचा नवरा काढन. मी नुसती बसून पाहीन.”

गजेंद्रला वाटलं, अर्ध्या दिवसाचं काम. संध्याकाळपर्यंत दोन वीत झालं, तेही चुकीचं.

“आडवं नोका घासू! लाकडाच्या रेघेनं घासा!” शालूताई स्टुलावरून ओरडली. दिवसभरात दहा वेळा ओरडली.

चौथ्या दिवशी त्याच्या तळहातांना फोड आले. त्याची आई माणिकबाई कळवळली. “राहू दे ना बापू. रंग का वाईट हाय?”

“माय, तू बोलूच नोको! तुह्याच पायी घासून राहिलो!”

शालूताईला पहिल्यांदा हसू आलं. थोड्या वेळानं एका किरणाखालून मधासारखं लाकूड वर आलं. गजेंद्रनं त्यावरून बोट फिरवलं.

“हे हातानं कोरलं असन?”

“मंग का मशीननं?”

तो पुढच्या किरणाला भिडला. तेव्हा शालूताई उठली, त्याच्या हातातून पटाशी घेतली आणि उरलेलं काम स्वतः केलं. मग कापसाच्या पुरचुंडीनं चपड्याचे हात दिले. दिवाळीआधी जिना झाला, आचल नवऱ्याशी बोलायला लागली.

आता गजेंद्रचा वेगळाच ताप. पाहुण्यांनी कठड्याला हात लावला की तो खेकसतो. माणिकबाई बिचारी भिंत धरून जिना चढते. परवा आचलनं फोन केला, “ताई, ह्यायले तुमीच समजवा.”

“कठड्याचं काम माझं होतं. नवऱ्याचं तुमी पाहा,” असं म्हणून शालूताईनं फोन ठेवला. ती अकोल्यात एका बंगल्याचे दरवाजे करत होती, आणि तिथला मालक पांढऱ्या रंगाचा डबा घेऊन तिच्याकडेच येत होता.