संध्याकाळची गोळी

माझा देवावर विश्वास आहे, पण त्याच्याशीही घासाघीस करायचा माझा स्वभाव. ह्यांच्या मेंदूतल्या गाठीचं रेडिएशन पुण्याला पूर्ण झालं, तेव्हा डॉक्टरांनी बजावलं होतं की त्यामुळे मेंदूला सूज येते. ती उतरवणाऱ्या गोळ्या सकाळ-संध्याकाळ जेवणानंतर द्यायच्या. मी मान डोलावली आणि इंदापूरला घरी येऊन मोरगावच्या गणपतीला नवस बोलले, गाठ परत वाढू देऊ नकोस, दर्शनाला येईपर्यंत हे एकभुक्त राहतील. नवस माझा, उपास त्यांचा. त्याच दिवसापासून त्यांनी रात्रीचं जेवण बंद केलं.

आठवडाभरात ते डोकं धरून बसू लागले. बोलताना शब्द सापडेनात. गाठ परत वाढली, असं मी धरूनच चालले आणि फार घाबरले. डॉक्टरांना विचारायचं सोडून त्यांना एसटीनं मोरगावला नेलं.

देवळाच्या पायऱ्यांशी त्यांना उलटी झाली. दूर्वा विकणाऱ्या एका बाईंनी पाणी दिलं, ह्यांच्या डोक्यावरचे गेलेले केस पाहिले.

"ताई, रेडिएशनची लाइट दिली व्हती का? आमच्या मालकांनाबी असंच व्हायचं. सुजेची गोळी दोन्ही टायमाला देता न्हवं?"

"संध्याकाळी जेवत नाहीत ते, एकभुक्त आहे," म्हणता म्हणता माझ्या लक्षात आलं. गोळी जेवणानंतरची; जेवण नाही म्हणून मी गोळीही देत नव्हते.

"ती मधीच सोडायची न्हाय. आदी डॉक्टरला फोन लावा."

डॉक्टर चिडले. काहीतरी खायला घालून गोळी आत्ताच द्या आणि तडक बारामतीच्या दवाखान्यात न्या, म्हणाले. तरी मी घुटमळले. दर्शनाआधी नवस मोडायचा कसा? बाईंनी तोवर आपल्या भाकरीचं फडकं सोडलं होतं. "खावा तात्या. देव कुठं जातोय?"

भाकरीवर मी पिशवीतली गोळी दिली आणि दर्शन न घेताच आम्ही बारामतीला निघालो. चार दिवसांच्या इंजेक्शनांनी सूज उतरली. गाठ वाढलेली नव्हती. पुढे गोळ्या डॉक्टरांनीच हळूहळू कमी केल्या.

त्या बाईंना कुणी पाठवलं, याचा खल मी करत नाही. त्यांचे उपकार मात्र जन्मभर विसरणार नाही. घरी आल्यावर मी ह्यांची माफी मागितली. विचारलं, "उपास झेपत नाही, असं म्हणाला का नाहीत?"

"भूक लय लागायची," ते म्हणाले. "पण तू घाबरली व्हतीस. तुला न्हाय कसं म्हणू?"

मी खूप रडले. हात आजही जोडते, पण अट घालत नाही.