मास्तरांनी भरलेले सात फॉर्म

कामगार समाधानी आहेत की नाहीत हे बघण्याचं काम माझ्याकडे दोनदा आलं. पहिल्या वेळी मी जे केलं ते नऊ वर्षं कुणाला सांगितलं नव्हतं.

मी अंबरनाथला, आनंदनगर एमआयडीसीतल्या एका कंपनीत पर्सनल खात्यात आहे. आम्ही पत्र्याचे डबे बनवतो. छपाई झालेला पत्रा लॅकर लावून एका लांबलचक भट्टीतून सुकत जातो. भट्टीच्या तोंडाशी उभं राहणाऱ्यांचे शर्ट नाश्त्याच्या सुट्टीपर्यंत पाठीला चिकटलेले असतात.

गेटपाशी तेव्हा एक काळा फळा होता. त्यावर रोज सुरक्षेचा एक विचार लिहिला जायचा. तो लिहायचे भट्टीवरचे एक ऑपरेटर. त्यांना सगळे मास्तर म्हणत, कारण अक्षर शाळेतल्या मास्तरांनाही जमणार नाही असं. अंबरनाथलाच त्यांच्या वस्तीतल्या विहाराचा फळा तेच लिहीत, चौदा एप्रिलचा कापडी बॅनरही तेच रंगवत. कंपनीत कुणाला रजेचा अर्ज, बँकेचा फॉर्म, गावाकडे पाठवायचं पत्र लिहायचं असलं की तो मास्तरांकडे जायचा. ते जेवणाच्या सुट्टीत डबा बाजूला सारून लिहून देत. हे इतकं रोजचं होतं की त्यात कुणाला काही वाटत नसे.

नऊ वर्षांपूर्वी हेड ऑफिसने कर्मचारी समाधान सर्वेक्षण काढलं. चार पानांचा फॉर्म. ‘मला माझ्या कामाच्या जागी सुरक्षित वाटते’ अशी वाक्यं आणि पुढे पाच चौकोन, पूर्णपणे सहमतपासून पूर्णपणे असहमतपर्यंत. शेवटच्या पानावर मोकळी जागा: कामाच्या जागेबद्दल आणखी काही सांगायचे आहे का? फॉर्मवर नाव लिहायचं नव्हतं. मी कॅन्टीनमध्ये उभा राहून हे तीनदा सांगितलं.

भट्टीवर सात कंत्राटी कामगार होते. काही यूपीचे, काही मुरबाडकडचे. कुणाला मराठी वाचता येत नव्हतं, कुणाला लिहायची सवय राहिली नव्हती. ते फॉर्म हातात धरून नुसते बसले होते.

“साहब, ये सहमत-असहमत छोडो, पंखा लगवा दो,” त्यांच्यातला एक म्हणाला, आणि सगळे हसले.

मला साडेतीनपर्यंत फॉर्म गोळा करायचे होते. मी मास्तरांना म्हणालो, “मास्तर, यांचं तुम्हीच लिहून टाका ना. ते सांगतील तसं.”

“चालेल ना साहेब? नाहीतर नंतर कोणी बोलेल.”

“कोण बोलतंय? लिहा तुम्ही.”

त्यांनी एकेकाला शेजारी बसवून, विचारून विचारून लिहिलं.

दोन दिवसांनी प्लॅंट मॅनेजरनी मला केबिनमध्ये बोलावलं. टेबलावर ते सात फॉर्म मांडलेले होते. सातही एकाच सुंदर अक्षरात.

“ओळखतोस ना अक्षर?”

“हो सर.”

“एका माणसाने सात फॉर्म भरलेत. सगळ्यांत कंप्लेंट. यांना लिहायची फार हौस. एप्रिल झाला तरी थांबत नाहीत.”

‘यांना’ म्हणजे कुणाला, हे मला कळलं. मी खाली बघत फॉर्म चाळले. एकात लिहिलं होतं, बुटाचा तळ वितळतो, दोन महिन्यांत भोक पडतं. दुसऱ्यात, पाण्याचा कूलर मुतारीला लागून आहे, तिथे पाणी प्यायला मन होत नाही. तिसऱ्यात, भट्टीवरचा एक्झॉस्ट काढून नेला तो परत आलाच नाही. एकाने काहीच मागितलं नव्हतं. सुपरवायझरने ‘ए हिरो’ न म्हणता नावाने हाक मारावी, एवढंच. अक्षर एक होतं, पण बोलणारी माणसं सात होती. ते मला पाच मिनिटांत दिसलं. मॅनेजरांनी वाचलं असतं तर त्यांनाही दिसलं असतं.

मला एकच वाक्य बोलायचं होतं: सर, मीच सांगितलं त्यांना. पण त्या महिन्यात माझ्या बढतीची फाइल त्याच टेबलावर, त्या फॉर्मांपासून हातभर अंतरावर पडली होती. मी म्हणालो, “बघतो सर.”

मग मी जे बघितलं ते असं. सातही फॉर्म मी ‘बनावट’ म्हणून बाजूला काढले. उरलेल्यांवरून अहवाल केला, तो छान आला. त्याचं प्रमाणपत्र अजून रिसेप्शनमध्ये फ्रेम करून लावलेलं आहे. मास्तरांना ताकीदपत्र द्यायचं ठरलं, त्याचा मजकूर मी स्वतः टाइप केला: ‘आपण इतर कामगारांच्या वतीने खोटा मजकूर लिहून सर्वेक्षणात अडथळा आणला.’ सही मॅनेजरांची. नेऊन दिलं मी.

मास्तरांनी ते उभ्याउभ्या दोनदा वाचलं. “साहेब, तुम्हीच म्हणाला होतात ना?”

“मास्तर, वाढवू नका. आत्ता सही करा, नंतर मी बघतो.”

त्यांनी पोच म्हणून सही केली. पुढच्या आठवड्यात त्यांची बदली स्टोअरमध्ये झाली. गेटवरचा फळा उतरवला आणि तिथे छापील फ्लेक्स लागला. त्यावरचा विचार कधी बदलत नाही. काही महिन्यांनी कंत्राटदार बदलला, ते सातजणही गेले. त्यांना कुणी काही विचारलंच नाही. मला बढती मिळाली. माझं ‘नंतर’ मात्र नऊ वर्षं लांबलं. स्टोअरमध्ये काही लागलं तर मी शिपायाला पाठवायचो.

मागच्या महिन्यात पुन्हा सर्वेक्षण आलं. आता ते मोबाइलवर असतं. हेड ऑफिसमधून आलेली तरुण मुलगी कॅन्टीनमध्ये सगळ्यांना समजावत होती, “एकदम गुप्त आहे. फक्त आधी एम्प्लॉयी कोड टाकायचा.” मागे कुणीतरी खोकल्यासारखं हसलं. मुलीने माझ्याकडे बघितलं. मी म्हणालो, “बरोबर आहे, घाबरू नका.” आणि माझाच आवाज मला नऊ वर्षांपूर्वीचा वाटला.

दुपारी मी स्वतः स्टोअरमध्ये गेलो. प्रत्येक खणावर त्यांच्या अक्षरातली पाटी होती. वॉशर. बेअरिंग. भट्टीची जाळी. मास्तर टेबलाशी कार्ड भरत होते, केस पूर्ण पिकलेले.

“या साहेब. काय पाहिजे?”

“काही नाही. तुम्ही भरला का फॉर्म?”

“भरला. सगळीकडे पूर्णपणे सहमत. बोटाला अक्षर नसतं, ते एक बरं असतं.”

मी स्टूल ओढून बसलो आणि सगळं सांगितलं. बढतीची फाइल, ‘बघतो सर’, पत्र मीच टाइप केलं ते. त्यांनी मध्ये एकदाही थांबवलं नाही. मी माफी मागायला लागलो तेव्हा मात्र हात वर केला.

“ते राहू द्या. पत्राची भाषा तुमची होती, ते मला तेव्हाच कळलं होतं. मी मे महिन्यात रिटायर होतोय. माझ्या फाइलमध्ये तो कागद आहे. त्याला जोडून तुमचा एक लावा.”

“कसला?”

“आत्ता बोललात तोच. नाव, हुद्दा, सही. मी खोटं लिहिलं असं तिथे लिहिलेलं आहे साहेब. मी लोकांचं आयुष्यभर लिहून दिलं. ते तसंच ठेवून मला घरी जायचं नाही.”

मी हो म्हणालो, आणि चार दिवस काढले. बदलापूरला घरी बायको म्हणाली, “मॅनेजर बदलले, कंत्राटदार बदलला. आता कोण विचारतंय?” खरंच कुणी विचारत नव्हतं. आणि हे पत्र गेलं तर विचारायला सुरुवात होईल, तीही मलाच. मी कॉम्प्युटरवर मसुदा केला, तर त्यात ‘गैरसमज’ हा शब्द तीनदा आला. तो पुसला. शेवटी रविवारी कोरा कागद घेऊन हाताने लिहिलं, म्हणजे लिहिलेलं पुसून सफाईदार शब्द घालता येऊ नयेत. शेवटच्या ओळींत त्या सातजणांनी काय सांगितलं होतं तेही आठवेल तसं लिहिलं.

सोमवारी मास्तरांना दाखवलं. त्यांनी चष्मा लावला, उभ्याउभ्या दोनदा वाचलं.

“अक्षर भयंकर आहे साहेब तुमचं.”

“मग तुम्ही जरा नीट उतरवून देता का?” मी म्हणून गेलो.

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. “परत?”

स्टोअरचा हेल्पर हसला. मग मास्तरही हसले, आणि कागद माझ्या हातात ठेवला. “वाचता येतंय. द्या तसंच.”

मी ऑफिसात जाऊन तो आवक टेबलावर ठेवला. तिथल्या बाईंनी नोंदवही उघडली, पत्र उलटंसुलटं करून बघितलं आणि विचारलं, “सर, विषय काय लिहू? तुम्ही लिहिलाच नाहीये.”

“भट्टीवरच्या सात कामगारांचे फॉर्म,” मी म्हणालो.

“कधीचे?”

मी वर्ष सांगितलं. त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, मग लिहून घेतलं, आणि शिक्का मारला.