धूरखोलीतला खोटारडा

स्वच्छतेची हौस मला शाळेपासूनच. फळा पुसायला मी सर्वांत पुढे, आणि मास्तरांनी उद्यासाठी राखून ठेवलेलं अर्धं गणितही मीच पुसून टाकायचो. तीच हौस नोकरीत नडली.

लष्कराच्या आपत्कालीन साहित्याच्या भांडारात मी कारकून म्हणून नुकताच चिकटलो होतो. आग लागली, वायू गळला की बचाव तुकडी जे उचलून पळते ते सगळं आमच्याकडे: पंप, स्ट्रेचर, लोखंड कापायच्या कात्र्या, धुरात घालायचे मास्क. वस्तूला हिरवा टॅग असला तर ती तयार, लाल असला तर बाद. मास्कच्या रॅकवर धूळ दिसली म्हणून मी रॅकवरचे हिरवे आणि खालच्या पेटीतले लाल, सगळेच मास्क एका टेबलावर काढले. टॅग मळले होते, ते कापून टाकले. ओल्या फडक्याने एकूणएक मास्क पुसला. जे चकाकले त्यांना नवे हिरवे टॅग, उरलेल्यांना लाल. मग कमरेवर हात ठेवून स्वतःच्याच कामाकडे कौतुकाने बघत उभा राहिलो.

आमच्याकडे बाद मालाला शेवटची आंघोळ घालतात, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. भंगाराची समिती मळका किंवा तोडलेला माल घेत नाही. तिला सगळं स्वच्छ आणि अखंड लागतं. उलट तयार मास्कचं रबर चिकटू नये म्हणून त्यावर पावडर चोळून ठेवतात, त्यामुळे ते कळकट दिसतात. ती पावडर मी निम्मीशिम्मी पुसली होती. आता कुठला जिवंत आणि कुठला मेलेला, ते कुणालाच कळायची सोय नव्हती. मास्कवर नंबर नसतो. जे काही असतं ते टॅगवर.

"हे कुणी केलं?" दारातून आवाज आला.

त्या शंकाकाकू. हे त्यांचं नाव नव्हे, पण खरं नाव फक्त पगाराच्या दिवशी ऐकू यायचं. मास्क तपासून टॅग लावायचं काम त्यांचं. हिरव्या टॅगवर त्यांची सही असल्याशिवाय वस्तू गाडीत चढत नसे. घरी नवऱ्याचा "आलोच" असा फोन आला तरी त्या शेजारणीला गॅलरीतून बघायला लावत. दूध उतू जात नसेल तर दुधावर संशय, जात असेल तर गॅसवर.

भांडारात काकू पूर्वी शिवणखात्यात होत्या, स्ट्रेचरचं कापड शिवायला. एका सरावात त्यांनीच शिवलेल्या स्ट्रेचरवर एका जाड्या हवालदाराला जखमी म्हणून झोपवलं. स्ट्रेचर कोरं करकरीत, एकदाही न वापरलेलं. चार पावलांवर कापड टरकन फाटलं आणि जखमी खरोखरचा जखमी झाला. घडी घालून वर्षानुवर्षं पडून राहिल्याने कापड घडीवरच कुजलं होतं. सगळे हसले, काकू हसल्या नाहीत. "वापरून झिजलेली वस्तू तोंडावर सांगते," त्या मला म्हणायच्या, "न वापरलेली गोड बोलते. गोड बोलणाऱ्यावर नजर ठेव." हे सांगताना त्या माझ्याकडे का बघायच्या, ते मला फार उशिरा कळलं. मी साहेबांचा हेर आहे अशी त्यांची खात्री होती.

खरं सांगायचं तर संशय माझ्याही मनात होता. काकू रोज संध्याकाळी एक फुगलेली कापडी पिशवी छातीशी धरून घरी जायच्या. फाटकावरच्या शिपायाने विचारलं तर "डबा". पण डब्याला रबराचा वास कसा येईल?

"काकू, मी केलं," मी म्हणालो. "चुकून."

"चुकून? की करायला सांगितलं कुणी?"

तेवढ्यात साहेब आले. त्यांनी टेबल पाहिलं आणि त्यांचे डोळे बारीक झाले. दुसऱ्या दिवशी भंगारवाल्याची गाडी येणार होती. चांगल्या मालाला लाल टॅग लावायचा, भंगारात घालवायचा आणि बाहेर विकायचा, ही चोरीची पद्धत प्रत्येक भांडारात ठाऊक असते. आणि काकूंची नोकरी संपत आली होती. मुदतवाढीचा अर्ज साहेबांच्याच टेबलावर पडून होता.

"बाई, तुमच्या हातचे टॅग कुठे गेले?"

"साहेब, मी कापले," मी मध्येच बोललो.

"तुला कुणी विचारलं?" साहेब माझ्याकडे वळले. "पढवून ठेवलंय वाटतं बाईंनी."

आयुष्यात पहिल्यांदा मी आपणहून चूक कबूल केली होती, आणि नेमकी तीच कुणाला पटत नव्हती. काकूंना वाटत होतं मी साहेबांचा माणूस आहे, साहेबांना वाटत होतं मी काकूंचा. मी नेमका कुणाचा आहे असं मलाही क्षणभर विचारावंसं वाटलं.

"अर्ज बाजूला ठेवतो," साहेब शांतपणे म्हणाले. "चौकशी होईल. तोवर टॅगला हात लावायचा नाही."

काकूंचा चेहरा उतरला. मुदतवाढ गेली असती तर एक वेळ त्यांनी सोसलं असतं. पण चोर म्हणून सही काढून घेतली जाणं वेगळं.

"धूरखोलीत घालून बघू सगळे," त्या म्हणाल्या. "तुमच्यासमोर."

धूरखोली म्हणजे मागची काचेच्या खिडकीची खोली. तिच्यात तिखट धूर सोडायचा आणि मास्क घालून आत उभं राहायचं. मास्क गळका असेल तर ठसका लागतो.

"आत कोण जाणार? तुम्ही आणि हा?" साहेब हसले. "तुम्ही डोळा मारलात की हा ठसका गिळेल. आणि धूर तरी धूर आहे की चहाची वाफ, हे मला कसं कळणार?"

काकूंनी खुंटीवरची कापडी पिशवी काढून आणली. सापडली चोरी, असंच वाटलं मला. पिशवीतून डब्याऐवजी एक मास्क निघाला. गळ्यात लाल टॅग, त्यावर काकूंची सही.

"हा खोटारडा," त्या म्हणाल्या. "बाद झाला तेव्हा पेटीत टाकला नाही. धूरखोलीवरही माझा विश्वास नाही, साहेब. आधी याला आत नेते. हा ठसकला तर धूर खरा. हा पास झाला तर खोलीच खोटी. हा भंगारात जाईल या भीतीने रोज घरी नेते."

"म्हणजे सरकारी माल घरी नेता!"

"नेते."

"हे आत्ता कशाला सांगितलंत?"

"त्याशिवाय बाकीचे पारखणार कसे?" त्यांनी मास्क पुढे केला. "घ्या. तुम्ही घाला."

"मीच का?"

"माझा ठसका तुम्हाला नाटक वाटणार, याचा शिकवलेला. तुमचा तुम्हाला खरा वाटेल."

साहेब आत गेले आणि लगेच बाहेर आले. डोळ्यांना धारा, बोलायला दम नाही. त्यांनी नुसता हात हलवला: चालू करा.

मग माझी पाळी. एकेक मास्क घालायचा, आत जायचं. गळका निघाला की खोकत, नाक गाळत बाहेर यायचं आणि पुढचा घालायचा. पहिल्याच खेपेला काकू काहीही न तपासता टेबलावरचा हाताला लागला तो मास्क घालून माझ्यासोबत आत आल्या. त्यांचा गळका निघाला. माझा नाही. मी मास्कच्या काचेतून त्यांच्याकडे बघत होतो. त्या खोकत खोकत माझ्या मास्कच्या कडा चाचपत होत्या.

शेवटी लाल-हिरव्याचे दोन ढीग झाले. रजिस्टरमधल्या आकड्यापेक्षा हिरव्यांत एक कमी भरला.

"आणि तो कुठे?" साहेबांचा घसा अजून बसलेला होता.

"बसल्या बसल्या गेला असेल," काकू म्हणाल्या. "रबर आहे. गेल्या तपासणीला चांगला होता."

"असं तुम्ही म्हणता."

"असं मी म्हणते."

दोघं एकमेकांकडे बघत राहिले. एक मास्क रॅकवर पडून मेला, की कुणी कधी काळी बदलला, हे मला आजही सांगता येणार नाही.

मुदतवाढ आली, पण मागितली होती त्याच्या निम्मी. सही काकूंकडेच राहिली. अर्जाच्या कडेला साहेबांनी लिहिलं: बाद मास्क, एक नग, त्वरित जमा करावा.

भंगारवाल्याच्या गाड्या त्यानंतर येत राहिल्या. दर वेळी साहेब विचारतात, "बाई, तो नग?"

"पुढच्या गाडीला, साहेब."

आता संध्याकाळी पिशवी कधी कधी माझ्याकडे असते. फाटकावरचा शिपाई विचारतो, मी म्हणतो, "डबा." तो पिशवीचा वास घेतो, मग माझ्याकडे बघतो. त्या बघण्यावरून कळतं, त्याला पटलेलं नाही. काल गाडी येऊन गेली. नग जमा व्हायचा आहे.