भोईर सरांची रिकामी वायल

सांभाळून घेतलं म्हणे मला.

काल कंपनीत भोईर सरांची शोकसभा झाली. मॅनेजर साहेब माईक हातात घेऊन म्हणाले, "भोईर दिलदार माणूस. मावशींच्या वायल नीट धुतलेल्या नसायच्या, तरी कधी त्यांचं नाव नाही घेतलं."

सगळ्यांनी माना हलवल्या.
मावशी म्हणजे मी. उठणार होते. समोर सरांच्या मिसेस बसलेल्या, म्हणून गप्प बसले. इथे लिहिते.

मी सातवी शिकलेली बाई. डोंबिवली एमआयडीसीत औषधाच्या कंपनीत लॅबच्या काचेच्या बाटल्या धुते. भोईर सर बाळकुमवरून यायचे, टेस्टिंगला.

औषधाची पावडर बनवताना सॉल्व्हंट, म्हणजे विरघळवायचं रसायन, वापरतात. सुकवली तरी त्यातलं थोडं मागे राहतं.
किती राहिलं ते सर बघायचे. छोट्या बाटलीत, म्हणजे वायलमध्ये, पावडर घालून गरम करायची. वाफ मशीन हुंगतं, कागदावर रेघ काढतं. सॉल्व्हंट असेल तिथे डोंगर येतो.
डोंगर मोठा आला तर बॅच परत सुकवायला. शेवटी ते कुणाच्या तरी पोटात जाणार.

माझी चूक झालेली. एकदा. लपवत नाही.
पुतणीच्या हळदीहून तशीच कामावर आलेले. धुवायच्या खोलीत अॅसिटोन असतं, तेही सॉल्व्हंटच, त्यानेच नखं पुसली. बाजूला वायल उघड्या सुकत होत्या.

दुपारी सर आले. "मावशी, नेलपॉलिश काढलंत का इथे?"
"कुणी सांगितलं?"
"मशीनने."

मी म्हटलं, काढा कामावरून, एकदाचं होऊन जाऊ दे. ते म्हणाले, आधी सगळ्या वायल परत धुवा.
आणि वहीत चूक लिहिली. माझ्या नावासकट. खाली माझी सही घेतली.

दुसऱ्या दिवसापासून रोज सकाळी माझ्या रॅकमधली एक वायल रिकामीच मशीनला लावायचे. रेघ सरळ आली की काचेपलीकडून मला अंगठा दाखवायचे. मगच पुढचं काम.

मागच्या वर्षी एका बॅचमध्ये सॉल्व्हंट जास्त निघालं. माल पाठवायची घाई होती. साहेब म्हणाले, वायल घाण होती असं लिहा, हा रिझल्ट रद्द करू.

सरांनी सकाळचा रिकाम्या वायलचा कागद पुढे ठेवला. सरळ रेघ.

"वायल स्वच्छ आहे साहेब. पावडरच नीट सुकलेली नाही."

मी तिथेच उभी होते, ट्रे घेऊन.

बॅच परत सुकवायला गेली. आणि सर स्टोअरला. आयुष्यभर मशीन चालवलेला माणूस ड्रमवर लेबलं लावत बसला. तक्रार नाही. मशीनवर दुसरे आले, सकाळची रिकामी वायल चालू राहिली. सर जेवायच्या सुट्टीत मला विचारायचे फक्त, "आजची रेघ सरळ ना?"

सर मला सांभाळून घेत नव्हते. जे असेल ते लिहीत होते. माझी चूक होती तेव्हा चूक, नव्हती तेव्हा नाही.
ते खरं होतं, आणि काल तुम्ही त्यांना गोड बोलून खोटं पाडलंत.

भोईर सर, आजची पण सरळ आली. या आता. नमस्कार करते.

आणि साहेब, तुम्ही हे वाचणार, मला माहीत आहे. त्या दिवशीचा सरळ रेघेचा कागद कुठल्या कपाटात आहे तेही माहीत आहे, ते कपाट मीच पुसते.
गुरुवारी बाळकुमला सरांचं तेरावं आहे. त्यांच्या घरच्यांना काय सांगायचं मी?
त्या दिवशी वायल कशी होती, ते काल होते त्या सगळ्यांसमोर सांगा.
बुधवारपर्यंत.