कडकरावांच्या चादरी

आमच्या खालच्या इस्त्रीवाल्याला कडकराव हे नाव मीच ठेवलं. त्यांच्या हातचा शर्ट घालून माणूस वाकला की कागद चुरगळल्यासारखा आवाज यायचा. आमच्या ह्यांची एक पॅन्ट भिंतीला टेकवली तर आपली आपण उभी राहायची, आणि घरकामाला ह्यांच्यापेक्षा तीच बरी, असं मी गल्लीभर सांगत सुटले होते. कडकराव यावर कधी हसले नाहीत. हसायची ती वहिनी, त्यांची बायको, मागच्या खोलीतून, अगदी खदाखदा. पुढच्या खोलीत दुकान, मागच्या खोलीत संसार, मध्ये एक दार.

मग ते हसणं बारीक होत गेलं. पोटातलं दुखणं सगळीकडे पसरलं होतं. आता बरं होण्यासारखं काही उरलं नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं. तेव्हा त्यांच्या लेकीने कुणाला न विचारता हॉस्पिसला फोन लावला. म्हणजे बरं करायला नाही, तर शेवटचे दिवस सुखाचे जावेत म्हणून जे लोक घरी येतात, त्यांना. एक सिस्टर यायला लागल्या. कडकरावांनी गल्लीत सांगितलं, ही बायकोची भाची. आता मला सांगा, नेमाने येणारी, चहालाही न थांबणारी आणि कुणाची उणीदुणी न काढणारी भाची कुठल्या घराण्यात असते? मी विचारलंच तसं. ते इस्त्रीवरून मान वर न करता पुटपुटले, की लोक म्हणतील बायकोला मरायला टाकलं. जिभेवर आलेली पुढची थट्टा मी गिळली. माझ्याकडून असं क्वचितच होतं.

सिस्टरांनी आधी वेदना आटोक्यात आणल्या. तोवर वहिनी दात आवळून पडलेली असायची. औषधाचं प्रमाण बसलं तशी मला बोलावून कोणाचं कोणाशी फाटलं ते विचारायला लागली. ओठ ओल्या कापसाने कसे टिपायचे, कुशीवर कसं वळवायचं, हे त्यांनी लेकीला शिकवलं. एका दुपारी तर त्या स्वतः वहिनीजवळ बसल्या आणि लेकीला माझ्याकडे झोपायला धाडलं. पोरगी चप्पल न काढताच पलंगावर आडवी झाली.

कडकरावांना मात्र सिस्टरांनाही दाराच्या आत आणता येईना. गिऱ्हाईक नसलं तर इस्त्री झालेल्या कपड्यांवरूनच पुन्हा इस्त्री फिरवायचे. दारापर्यंत जायचे ते फक्त सकाळी, चादर घेऊन. आणि ती चादर तरी कशी! पांढरीफेक, काठाला काठ, घडी अशी की बोट कापेल. चादर लेकीच्या हातात दिली की स्वारी उंबऱ्यातूनच माघारी. आईला चादर नको, तुम्ही हवे आहात, असं लेक एकदा फणकाऱ्याने म्हणाली. दुसऱ्या दिवशी आणखी कडक चादर आली.

एका सकाळी सिस्टर वहिनीला वळवत होत्या आणि मी उशी धरून उभी होते. पाठीवर लाल रेघा उठलेल्या, काही ठिकाणी कातडी सोललेली. जिथे चादरीची घडी, तिथे रेघ. सिस्टरांनी चादरीचं टोक बोटांत चोळून पाहिलं आणि कडकरावांना आत बोलावलं.

"काका, ह्या चादरीला स्टार्च करता का?"

"भरपूर करतो," ते म्हणाले, जरा छाती काढूनच. मग त्यांना पाठ दिसली.

त्यांचा चेहरा असा झाला, की मी खिडकीबाहेर बघायला लागले. त्यांनी बायकोला विचारलं, बोलली का नाहीस.

"तेवढ्यासाठी तरी दारात येत होतात," वहिनी म्हणाली. "नको म्हटलं असतं, तर तेही बंद झालं असतं."

कडकराव भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. मग भिंतीलाच सांगावं तसं सिस्टरांना म्हणाले, की मला तिच्याकडे बघवत नाही, वासाने मळमळतं, आणि त्याची मला लाज वाटते. सिस्टर म्हणाल्या, बऱ्याच जणांचं असं होतं, कुणी सांगत नाही इतकंच. त्यांनी मलमाची डबी पुढे केली. माझे हात खरखरीत आहेत, चटके बसलेले, असं म्हणून कडकराव मागे सरले.

"मग उलट्या हाताने लावा."

त्यांनी उलट्या हाताने लावलं. वहिनीने डोळे मिटून घेतले.

त्या दिवशी कडकरावांनी घरातल्या सगळ्या चादरी, पाणी निवळ होईपर्यंत धुतल्या आणि पिळून, चुरगळून मऊ केल्या. दोरीवर सुरकुत्यांची रांग लागली. एक गिऱ्हाईक म्हणालं, हे काय, इस्त्री विसरलात? कडकरावांचे कान लाल झाले, पण चादर तशीच आत गेली, आणि दुकानातलं स्टूलही तिच्यामागून आत गेलं.

शेवटी श्वासांमध्ये अंतर पडेल, तेव्हा धावाधाव करू नका, हात धरून बसा, असं सिस्टरांनी आधीच समजावलं होतं. म्हणून वहिनी गेली त्या दुपारी कोणी धावलं नाही. एका बाजूला लेक, एका बाजूला ते, आणि पुढे इस्त्री गार पडलेली.

नंतरही सिस्टर आल्या, ह्या खेपेला खास कडकरावांसाठी. मी नेमकी पॅन्ट घेऊन तिथे पोहोचले होते. इतके दिवस मी दाराबाहेर घालवले, असं कडकराव पुन्हा पुन्हा म्हणत होते. ते विसरून जा, असं सिस्टर म्हणाल्या नाहीत. नुसत्या ऐकत बसल्या. निघताना त्यांनी काही हवं का विचारलं.

"दुसऱ्या घरी जाल, तेव्हा पहिल्याच दिवशी चादरीला हात लावून बघत जा," कडकराव म्हणाले. "पेशंट बोलत नाही. आणि नवरा बाहेर उभा असतो."

बघेन, माझ्याही उशिराच लक्षात आलं, सिस्टर म्हणाल्या. त्यांनी मान वर केली नाही. मी पॅन्ट काखेत मारली आणि इस्त्रीला न टाकताच परत आले.