अण्णांनी वाचलेली बातमी

उभी हयात खून-दरोड्यांच्या बातम्या लिहिण्यात गेलेल्या अण्णांना रक्त बघवत नसे. घटनास्थळी पोचलं की ते चक्क पाठ फिरवून उभे राहत आणि जमलेल्या बघ्यांकडे बघत. मी नागपूरहून येऊन बंगळुरूच्या त्या इंग्रजी पेपरात लागले, तेव्हा मला त्यांच्या हाताखाली दिलं होतं. पहिल्याच दिवशी मी टाचा उंचावून आत डोकावायला लागले, तर म्हणाले, "रक्त काय बघतेस नागपूर? ते सगळ्यांचं सारखंच. शेजाऱ्यांची तोंडं बघ, बातमी तिथं आहे." माझं खरं नाव त्यांनी शेवटपर्यंत घेतलं नाही.

अण्णांचं घराणं कैक पिढ्यांपूर्वी इकडे येऊन राहिलेलं. त्यांच्या मराठीत कानडी अशी मुरली होती की कुठली कुठे संपते, ते त्यांनाही सांगता आलं नसतं. "अवसर करू नको ग," असं ते मला सारखं बजावत. मला वाटे, हा माणूस मला संधीच देणार नाही. 'अवसर' म्हणजे कानडीत घाई, हे कळेपर्यंत मी त्यांच्यावर धुसफुसत होते. घाईचा मात्र त्यांना खराच तिटकारा. पोलिसांचं निवेदन मोबाइलवर आलं की बाकीचे वार्ताहर ते जसंच्या तसं पुढे ढकलत. अण्णा बस पकडून त्या घरी जात, चपला बाहेर काढत आणि आधी प्यायला पाणी मागत.

इलेक्ट्रॉनिक सिटीतले भले शिकलेले इंजिनियर फोनवरच्या भामट्यांना फसत, तेव्हा अण्णांचा जीव तुटे. "लुटलेला माणूस बोंब मारतो. फसलेला दार लावून घेतो," म्हणत. अशा बंद दारांशी ते चिकाटीनं बसून राहत, आणि दार उघडलं की बातमीचं सोडून त्या माणसाला जेवलास का विचारत.

गेल्या वर्षी अण्णा गेले. ऑफिसात सगळे त्यांच्या गाजलेल्या बातम्या आठवत होते. मला आठवली ती पाटल्यांची.

सर्जापूर रोडवरच्या एका फ्लॅटमधून सोन्याच्या पाटल्या नाहीशा झाल्याची तक्रार आली. घर पुण्याहून आलेल्या आयटीवाल्या जोडप्याचं. नवरा कामासाठी परदेशी, घरात सून आणि वर्ध्याहून आणलेले म्हातारे सासरे. घरकाम करणाऱ्या मंजुळाला पोलिसांनी ठाण्यात नेऊन बसवलं. नेमकी अण्णांची सुट्टी. आमच्या पेपरनंही पोलिसांचं म्हणणं तसंच उचललं आणि मंजुळाच्या नावानिशी ठळक मथळ्याखाली छापलं. दुसऱ्या दिवशी ते वाचून अण्णा इतके तापले की चहासुद्धा न घेता मला घेऊन निघाले.

"नो डाउट, काका," सून म्हणाली. "बाबांनी स्वतः सांगितलं, पाटल्या बाईकडे आहेत. पोलिसांना मी तेच सांगितलं."

अण्णा कोपऱ्यातल्या म्हाताऱ्यांकडे वळले. "काका, बाई म्हंजे कोण हो?"

"बाई म्हणजे बाई!" म्हातारे चिडले. "माझी थोरली बहीण. आमची ही गेल्यावर वर्ध्याचं घर बंद केलं, तेव्हा हिच्या पाटल्या तिच्याजवळ ठेवल्या. कितीदा सांगू?"

सुनेच्या तोंडचं पाणी पळालं. सासूच्या पाटल्या सासऱ्यांच्या सामानातून इकडेच आल्या, असं ती धरून चालली होती. सासऱ्यांची बहीण तिला 'वर्ध्याच्या आत्या' म्हणूनच ठाऊक होती. बाई म्हणजे तिच्या लेखी धुणीभांडी करणारी. तिनं वर्ध्याला फोन लावला, आत्यांनी कपाट उघडलं, पाटल्या तिथे होत्या. मंजुळा त्याच संध्याकाळी सुटली.

पण ती सुटली हे कळणार कुणाला? सर्जापूर रोडवरची तिची बाकीची कामं गेली होती. आनेकलमधल्या तिच्या गल्लीत कुणी तिच्याशी बोलेना. अण्णा संपादकांपुढे जाऊन उभे राहिले. "जेवढ्या मोठ्या अक्षरात धरलं, तेवढ्याच मोठ्या अक्षरात सोडा." संपादक हळहळले, पण जागा नाही म्हणाले. आतल्या पानावर, तळाशी चार ओळी आल्या.

रविवारी अण्णांनी मला आनेकलच्या बसमध्ये घातलं. मंजुळाच्या दारासमोर किराणा दुकान होतं. तिथे उभं राहून त्यांनी आमचा इंग्रजी पेपर उघडला आणि खणखणीत कानडीत बातमी वाचायला लागले. मंजुळा दारात मान खाली घालून उभी. बायका बाहेर आल्या, चहा पिणारे पुरुष सरकून जवळ आले. चूक झाली होती, मंजुळा निर्दोष आहे, एवढं माझ्या मोडक्या कानडीलाही कळलं. पण अण्णा थांबेनात. मंजुळा किती इमानानं काम करते, त्या घरानं हात जोडून तिची माफी मागितली, ठाण्यातल्या साहेबांनाही फार वाईट वाटलं. यातलं काहीही घडलेलं नव्हतं. मी त्यांच्या खांद्यावरून डोकावले. चार ओळी केव्हाच संपल्या होत्या आणि अण्णांचं बोट प्रेशर कुकरच्या जाहिरातीवरून सरकत होतं.

वाचून झालं. दुकानदारानं आतून स्टूल आणून ठेवलं आणि मंजुळाला हाक मारली, "बन्नी अक्का," या ताई. ती आली, बसली आणि पदरात तोंड लपवून रडायला लागली. मला तिथल्या तिथे अण्णांच्या पाया पडावंसं वाटलं.

परतीच्या बसमध्ये न राहवून मी विचारलं, "अण्णा, एवढं सगळं कुठे छापून आलं होतं?"

खात्री केल्याशिवाय आयुष्यात एक शब्द न लिहिलेल्या अण्णांनी पेपरची नीट घडी घातली.

"नाही आलं," ते म्हणाले. "यायला पाहिजे होतं ना ग?"